लेन्सला कवच कोणतं घ्यावं? सोलापूरच्या धुळीत काम करणाऱ्यांसाठी

संमती कट्ट्यासमोर ‘दिड्ड्यम दिड्ड्यम, सत्यम सत्यम’ असा घोष होतो आणि हजारो हातांतून अक्षता उडतात. सिद्धेश्वर यात्रेतला तो क्षण टिपायचा तर बाराबंदी घातलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र गर्दीत शिरून कॅमेरा डोक्यावर धरावा लागतो. मग अक्षता नुसत्या फोटोत येत नाहीत, लेन्सवरही येऊन पडतात. टक्, टक् असा बारीक आवाज येतो. पुढे फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची जादा काच, लावलेला असेल तर तो आवाज ऐकूनही हात हलत नाही. नसेल तर बोट शटरवर आणि जीव त्या काचेत.

माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘सर, लेन्सला काच कुठली लावू वो?’ नुसतं कंपनीचं नाव सांगून याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही कॅमेरा घेऊन कुठे उभे राहता, त्यावर ते ठरतं. कवच म्हणजे एकटा फिल्टरही नव्हे. हूड (लेन्सच्या तोंडाभोवती बसवायची, पुढे आलेली कडा), झाकण, पाउच, पावसाचं कव्हर हे सगळं कवचच आहे आणि प्रत्येकाचं काम निराळं आहे. लग्नं, यात्रा आणि थोडंफार पक्ष्यांचं काम करताना जे हाताला लागलं, ते इथे क्रमानं मांडतो.

आधी धोका ओळखा

लेन्सची पुढची काच आपण समजतो तितकी नाजूक नसते. ती जाड असते, वर कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, असतो. धुळीचे चार कण किंवा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुतेक वेळा दिसतही नाही, कारण फोकस असतो दूरवर आणि ते कण अगदी काचेवर. ओरखडा त्रास देतो तो ऊन किंवा दिवा थेट समोरून आला की. मग त्या जागी प्रकाश फाकतो आणि फोटो धुरकट दिसतो.

काचेचं खरं नुकसान होतं पुसण्यानं. धूळ बसली की आपण पुसतो, आणि त्या धुळीतली बारीक रेती कोटिंगवर घासली जाते. म्हणून माझा हिशेब साधा आहे: ज्या जागी दिवसातून दहा वेळा काच पुसावी लागणार, तिथे पुसायला वेगळी काच हवी. ती खराब झाली तर बदलता येते.

सोलापुरात अशा जागा पुष्कळ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानावर संध्याकाळची गर्दी वाढली की पायाखालची धूळ वर उठते आणि दिव्यांच्या झोतात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेल-चादरींचे फोटो काढायला जा. अर्ध्या तासात कापसाचे तंतू लेन्सच्या कडेला जमलेले असतात. नान्नजच्या माळावर काळविटांची वाट बघताना वारा सुटला की काळ्या रानातली माती थेट अंगावर येते. आणि बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षातल्या रविवारी, भंडारा उधळतात. हळद नुसत्या धुळीसारखी झटकून जात नाही. ती चिकटते, रिंगच्या खाचेत जाऊन बसते, आणि ओलं कापड लागलं की पिवळा पट्टा काचभर पसरतो. त्या दिवशी फिल्टर न लावता मी घराबाहेर पडत नाही.

उलट घरात बारशाचे फोटो काढताय, स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढताय, तर फिल्टरची गरज मला वाटत नाही. हूड लावा, पुरे.

आकडा नीट वाचा

फिल्टर किती मापाचा घ्यायचा हे लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. गोलातून तिरकी रेघ गेलेली, ø अशी खूण शोधा. तिच्यापुढचा आकडा म्हणजे आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवी मंडळी इथे हमखास चुकतात: लेन्सवर ५० मिमी वाचतात आणि दुकानात ५० चा फिल्टर मागतात. ते ५० म्हणजे फोकल लेंग्थ, लेन्स किती जवळचं-लांबचं दाखवते त्याचा आकडा. डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीच्या कॅननच्या लोकप्रिय ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्सला ४९ मिमीचा फिल्टर लागतो. कॅननच्या डीएसएलआरवरच्या १८-५५ एसटीएम किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) ५८, निकॉनच्या १८-५५ एएफ-पी किटला ५५. लग्नवाल्यांच्या ७०-२०० एफ २.८ ला बहुतेक ७७, कॅननच्या २४-७० एफ २.८ च्या दुसऱ्या आवृत्तीला ८२. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला ९५ लागतो, आणि त्या मापाची चांगली काच घ्यायची म्हणजे खिशाला चांगलीच झळ बसते.

मोठा फिल्टर घेऊन स्टेप-अप रिंगनं, म्हणजे लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्यानं, सगळ्या लेन्सवर चालवायचा सल्ला कुणी देईल. पोलरायझरसाठी, म्हणजे पाण्या-काचेवरची चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरसाठी, तो ठीक आहे. कायम लावायच्या काचेसाठी नाही, कारण रिंग लावली की मूळ हूड बसत नाही, आणि हूड गमावणं मला परवडत नाही. निकॉनच्या १४-२४ एफ २.८ जीसारख्या फुगीर काचेच्या लेन्सवर तर आट्याचा फिल्टर बसतच नाही. तिथे अंगचा हूड आणि झाकण यांवरच भिस्त.

पैसे आधी हुडावर

हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण पहिली खरेदी हूडचीच करा. तो स्वस्त आहे, फोटोची प्रत बिघडवत नाही, उलट बाजूनं येणारं ऊन अडवून सुधारतो. लग्नात धावपळ करताना लहान मुलांची तुपकट बोटं, पाहुण्यांची कोपरं, मांडवाचा खांब, हे सगळं हूडवर अडतं. एका लग्नात माझी लेन्स स्टेजच्या पायरीवरून खाली गेली, तोंडावरच. हूडला तडा गेला, लेन्सवर ओरखडासुद्धा नव्हता.

त्या जागी नुसता फिल्टर असता तर तो फुटला असता. फुटलेल्या फिल्टरचे तुकडे आत ढकलले जाऊन पुढच्या काचेलाच ओरखडतात. फिल्टरची रिंग आट्यांना वाचवते हे खरं. पण पडण्या-आपटण्याच्या बाबतीत फिल्टरकडून हेल्मेटची अपेक्षा धरू नका.

किट लेन्ससोबत बऱ्याचदा हूड येत नाही. तो लेन्सच्या नावानं नाही, हूडच्या स्वतःच्या क्रमांकानं मागा. वर सांगितलेल्या कॅननच्या ईएफ ५० मिमी एसटीएमला ईएस-६८ लागतो. दुसऱ्या कंपनीनं त्याच मापाचा बनवलेलाही चालतो. बसवताना टक् करून अडकतो का आणि हलवल्यावर डुगडुगत नाही ना, एवढं बघा. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश वापरत असाल तर मोठ्या हूडची सावली फोटोच्या खालच्या भागात पडते. तेवढ्यापुरता काढून ठेवा. एरवी हूड उलटा लावून फिरायची सवय मोडा. उलट्या हूडचा काहीच उपयोग नाही.

यूव्ही की साधी काच?

दुकानात ‘यूव्ही फिल्टर द्या’ असंच सगळे म्हणतात. हा शब्द फिल्म रोलच्या काळातला. फिल्मवर अतिनील (यूव्ही) किरणांचा परिणाम होई, लांबच्या डोंगरांच्या फोटोत निळसर धुरकटपणा येई, म्हणून तो फिल्टर. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, पुढेच हे किरण अडवणारा थर बसवलेला असतो. त्यामुळे आज यूव्ही लिहिलेली काच आणि प्रोटेक्टर किंवा क्लिअर लिहिलेली काच यांत तुमच्या फोटोपुरता फरक नाही. निकॉन त्यालाच एनसी म्हणतं. ‘यूव्ही’ या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नका. मोजायचे ते कोटिंगसाठी.

ते का, हे समजून घ्या. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे सुमारे ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटिंगनं (कोटिंगचे एकावर एक थर) हाच आकडा एक टक्क्याच्या आत येतो. प्रश्न प्रकाश कमी होण्याचा नाही. कॅमेरा ते भरून काढतो. प्रश्न त्या परत फिरलेल्या प्रकाशाचा आहे. सेन्सर स्वतः आरशासारखा चकचकीत असतो. समोरच्या दिव्याचा प्रकाश सेन्सरवर आदळून मागे येतो, सपाट फिल्टरच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर जातो. फोटोत मग दिव्याच्या बरोबर समोरासमोर, मध्यबिंदूच्या पलीकडे, हिरवट ठिपका उमटतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी भोगलं आहे. सुरुवातीला दोनशे-अडीचशे रुपयांची काच घेतली होती. दिवसाचे फोटो झकास. रात्रीच्या वरातीत मात्र नवरीच्या शालूवर हिरवे ठिपके. दुसऱ्या लग्नात पुन्हा तेच. लेन्स बिघडली असं धरून दुरुस्तीला टाकली. ज्यांच्याकडे दिली त्या गृहस्थांनी लेन्स हातात घेतली, फिल्टर फिरवून काढला, टेबलावर ठेवला, आणि ट्यूबलाइटकडे रोखून फोटो काढून दाखवला. ठिपका गायब. एक पैसाही न घेता लेन्स परत दिली. तोवर दोन घरांचे अल्बम छापून गेले होते, आणि त्या दोन नवऱ्यामुलींना मी पुन्हा त्या रात्रीचे फोटो देऊ शकत नव्हतो. म्हणून हे इतकं कळकळीनं लिहितोय.

रिंगचंही बघा. ॲल्युमिनियमची रिंग हलकी आणि स्वस्त, पण ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम बसलं की अडकायची शक्यता जास्त, त्यात आट्यांत आपल्याकडची माती गेलेली. पितळेची रिंग सहसा अडकत नाही. बी प्लस डब्ल्यूसारख्या कंपन्या ती देतात. वाइड लेन्स असेल तर पातळ, स्लिम रिंग घ्या, नाहीतर फोटोचे कोपरे काळे पडतात. काही फार पातळ रिंगांना पुढे आटे नसतात आणि मूळ झाकण त्यावर टिकत नाही, तेवढं विचारून घ्या. पाणी आणि तेल न धरणारं कोटिंग असेल तर भंडाऱ्यात आणि पावसात त्याचे पैसे वसूल होतात.

खर्चाचा माझा अंदाज असा: लेन्सच्या किमतीच्या पाच ते दहा टक्क्यांत चांगली काच बसवा. तेवढं जमत नसेल तर वाईट काच लावण्यापेक्षा काच न लावता हूडवर काम करा.

दुकानातल्या काउंटरवर

खरेदी ऑनलाइन करा नाहीतर नवी पेठेत जाऊन, पारख सारखीच. नामांकित कंपन्यांची नक्कल सर्रास मिळते, डबीसुद्धा हुबेहूब. त्यामुळे डबीवर जाऊ नका, काचेवर जा.

फिल्टर कडेला धरा आणि छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघा. ट्यूब लखलखीत पांढरी दिसली तर कोटिंग नाही किंवा नावापुरतं आहे. मंद, हिरवट किंवा जांभळट दिसली तर मल्टिकोटिंग आहे. मी नेहमी लेन्सची स्वतःची काच शेजारी धरतो. दोन्हीतलं प्रतिबिंब साधारण सारखं मंद असायला हवं.

मग तो कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. काचेखालचा कागद पिवळट दिसता कामा नये. त्यानंतर लेन्सवर लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करा, एक फोटो फिल्टरसह, एक त्याशिवाय, आणि स्क्रीनवर मोठं करून अक्षरांच्या कडा बघा. हलक्या प्रतीच्या काचेचा दोष लांबच्या लेन्सवर लगेच उघडा पडतो. ही तपासणी सकाळीच करा. सोलापूरच्या उन्हात दुपारी रस्त्यावरून हवा थरथरत असते, तेव्हा कुठलीच लेन्स धारदार फोटो देत नाही आणि दोष उगाच फिल्टरवर जातो. नान्नजला दुपारी बाराला काढलेले फोटो बघून चांगले फिल्टर फेकणारे मी पाहिलेत.

काच काढायची वेळ

लावण्याइतकंच काढणं महत्त्वाचं. वरात, मांडवातली रोषणाई, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम: काळोखात लखलखीत दिवे असले की कितीही भारी फिल्टर असो, काढून खिशातल्या डबीत ठेवा. दारूकामाला आपण लांब उभे असतो, ठिणगी येण्याचा प्रश्न नसतो. समोर सूर्य ठेवून हिप्परग्याच्या तलावावर सूर्योदय टिपतानाही काढा. यात्रेतल्या होम प्रदीपनाच्या, म्हणजे होम पेटवण्याच्या, वेळी अगदी जवळून काम करत असाल आणि ठिणग्या-राख अंगावर येत असेल, तर मात्र राहू द्या. ठिपके सहन करा. ठिणगीनं कोटिंगला पडलेला डाग पुसून जात नाही.

पाऊस असेल तेव्हाही राहू द्या. ज्या लेन्स पाणी-धूळ रोधक म्हणून विकल्या जातात त्यांतल्या काही पुढे फिल्टर लावल्यावरच पुरत्या बंद होतात; कॅननच्या १७-४० एफ ४ एलबाबत कंपनीनंच तसं सांगितलं आहे. तुमच्या लेन्सचं माहितीपत्रक एकदा वाचून बघा.

झाकण, पाउच, पाऊस

झाकण मधून चिमटीत धरता येईल असंच घ्या. कडेला दाबायचं झाकण हूडमधून काढता येत नाही. मागचं झाकण हरवलं तर आज नवं घ्या. लेन्सच्या मागून शिरलेली धूळ पुढे सेन्सरवर जाते, आणि तिचा डाग प्रत्येक फोटोत येतो.

पाउच निओप्रिनचा, जाड, आतून मऊ. लेन्सची उंची हूड उलटा लावून मोजा आणि मग माप ठरवा. चामड्याचं पाउच दिसतं छान, पण ओल धरून ठेवतं आणि लेन्समध्ये बुरशीला वाव मिळतो. आपली हवा कोरडी असली तरी श्रावण-भाद्रपदात सिलिका जेलची पुडी बॅगेत असू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीत लेन्स ठेवू नका. तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढतं, आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर उतरतं, आणि यावर कुठल्याही पाउचचा इलाज नाही.

आषाढीला पंढरपुरात जाणार असाल तर पावसाचं कव्हर हवंच. विकतचं नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी, हूडच्या मापाचं भोक, हूडभोवती रबरबँड. पिशवीचं तोंड हात घालता येईल असं खाली मोकळं ठेवा, म्हणजे आत वाफ धरत नाही. एसी हॉलमधून दमट हवेत येताना कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, नाहीतर काचेवर दव बसतं आणि कुठलंही कापड ते पुरतं काढत नाही.

लावणं, पुसणं, आणि अडकलेली रिंग

लावण्याआधी लेन्सची काच आणि फिल्टर दोन्हींवर ब्लोअर (दाबला की हवा सोडणारा रबरी फुगा) मारा. मध्ये अडकलेला कण रोज दिसत राहतो. लेन्स आडवी न धरता टेबलावर उभी ठेवा, तोंड वर. फिल्टर हलकेच टेकवा आणि आधी उलटा, डावीकडे फिरवा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात बोटांना एक बारीकसा टक् जाणवतो. आटे एकमेकांत उतरले. आता उजवीकडे फिरवा. असं केलं तर आटे कधी तिरके बसत नाहीत. टेकला की थांबा, करकचून आवळू नका.

पुसायचा क्रम: ब्लोअर, मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. फुंकर नको, थुंकी उडते. शर्टाचं टोक नको. आणि घरात चांगला सोलापुरी टॉवेल आहे म्हणून तो तर मुळीच नको. अंग पुसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण त्याच्या विणीत धूळ बसते आणि तंतू काचेवर राहतात. भंडाऱ्यानंतर ओलं काही लावू नका. तोंड खाली करून आधी ब्लोअर, मग ब्रशनं रिंगची खाच झाडा, सगळी हळद गेली की शेवटी लेन्स क्लीनरचा एक थेंब कापडावर घ्या, काचेवर नाही, आणि मधून बाहेर गोल फिरवत या. दर महिन्याला फिल्टर काढून आटे झाडले तर रिंग अडकतच नाही.

तरीही अडकली तर दोन बोटांनी जोरात पकडू नका. दाबलं की रिंग अंडाकृती होते आणि आणखी रुतते. रुंद रबरबँड रिंगच्या कडेवर चढवा आणि पाचही बोटं सगळीकडून सारखी टेकवून फिरवा. नाही जमलं तर सपाट रबराच्या तुकड्यावर, जुना माउसपॅड चालतो, लेन्स तोंड खाली करून ठेवा, वरून सरळ, हलका दाब द्या आणि लेन्सच फिरवा. फिल्टर पुढून बघता डावीकडे सुटतो. लेन्स उलटी धरल्यावर दिशेचा गोंधळ होतो, म्हणून आधी बाण काढून ठेवा. एवढ्यानंही सुटली नाही, किंवा आपटल्यामुळे रिंग वाकली असेल, तर पक्कड घेऊन बसू नका. दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो रिंग कापून काढतो, आणि लेन्सचे आटे शाबूत राहतात.